साखरेच्या वाटेवरून माणसांची गाडी: मॉरिशसच्या मेट्रो एक्स्प्रेसचे परीक्षण

मॉरिशस बेटावरील मेट्रो एक्स्प्रेस ही रेल्वेसेवा मी नऊ दिवस, बहुतेक वेळा सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत, वापरली. पोर्ट लुई ही राजधानी आणि पठारावरचे क्यूरपीप हे शहर यांना जोडणारी ही मार्गिका सुमारे २६ किलोमीटरांची आहे. शिवाय रोझ हिलपासून एबेन या कचेऱ्यांच्या वस्तीमार्गे, विद्यापीठ असलेल्या रेदुईपर्यंत तिची एक शाखा जाते. मॉरिशसला जाणारा भारतीय प्रवासी समुद्रकिनाऱ्यासाठी जातो आणि ही गाडी पर्यटकांच्या एकाही प्रसिद्ध किनाऱ्याला जात नाही, त्यामुळे मराठी प्रवासवर्णनांत तिला फारशी जागा मिळत नाही. मला मात्र ती त्या बेटावरची सर्वांत महत्त्वाची सेवा वाटली. ज्या देशाच्या उत्पन्नाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सेवाक्षेत्रातून येतो, त्या देशात माणसाने वेळेवर आणि न थकता कामावर पोहोचणे याला कारखान्यातल्या कच्च्या मालाइतके मोल आहे, आणि तो माल पुरवण्याचे काम ही गाडी करते.

आधी प्रत्यक्ष सेवेविषयी. नावात ‘मेट्रो’ असले तरी ही भुयारी रेल्वे नाही. बहुतांश मार्गावर जमिनीलगत आणि काही ठिकाणी पुलांवरून धावणारी ही हलकी, ट्राम या प्रकारात मोडणारी विजेची गाडी आहे. अशा १८ गाड्या स्पेनमधील ‘काफ’ या कंपनीकडून घेतल्या आहेत, आणि मार्गाची उभारणी भारतातील लार्सन अँड टुब्रोने केली. रोझ हिल ते पोर्ट लुई या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ३ ऑक्टोबर २०१९ रोजी झाले, २०२० च्या आरंभी नियमित प्रवासी वाहतूक सुरू झाली, ऑक्टोबर २०२२ मध्ये गाडी क्यूरपीपला पोहोचली आणि जानेवारी २०२३ मध्ये रेदुईची शाखा खुली झाली. मी प्रवास केला त्या दिवसांत डबे स्वच्छ होते, वातानुकूलन चालू होते आणि गाडीची जमीन फलाटाच्या पातळीला असल्यामुळे गुडघेदुखीची वयस्क माणसे व बाळाची ढकलगाडी घेतलेल्या स्त्रिया कोणाची मदत न घेता आत येत होत्या. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. मॉरिशसची लोकसंख्या झपाट्याने वयस्क होत आहे, आणि जुन्या बसची उंच पायरी हा तिथल्या ज्येष्ठांचा खरा अडसर आहे. ज्येष्ठांना आणि विद्यार्थ्यांना बसप्रवास २००५ पासून विनामूल्य असला तरी पायरी चढता आली नाही तर त्या सवलतीचा उपयोग काय?

या मार्गाला इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय या सेवेचे मोल कळणार नाही. मॉरिशसमध्ये पहिली रेल्वे १८६४ मध्ये सुरू झाली. ती माणसांनीही वापरली, पण तिच्या उभारणीमागचा हिशेब साखरेचा होता: बेटभर पसरलेल्या मळ्यांतून आणि गिरण्यांतून साखर पोर्ट लुईच्या बंदरावर लवकर व स्वस्तात आणणे. पुढे १८६६ ते १८६८ या काळात राजधानीत हिवतापाची भीषण साथ आली तेव्हा ज्यांना परवडत होते ती कुटुंबे उंचावरच्या थंड पठाराकडे सरकली, आणि रेल्वे होती म्हणून त्यांना पठारावर राहून बंदरातल्या पेढ्यांवर रोज येणे शक्य झाले. बो बासँ, रोझ हिल, कात्र बोर्न, फिनिक्स, वाक्वा, क्यूरपीप ही शहरे आज एका दोरीत ओवल्यासारखी दिसतात, याचे एक मोठे कारण तो रूळमार्ग आहे. १९५६ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या, १९६४ मध्ये मालगाड्याही थांबल्या, आणि शंभर वर्षांची ती व्यवस्था भंगारात गेली. आजची मेट्रो बऱ्याच अंतरापर्यंत त्याच जुन्या रेल्वेच्या जागेवरून धावते. ज्या पट्ट्यावरून पूर्वी साखरेची पोती खाली उतरत, त्याच पट्ट्यावरून आता लेखापाल, परिचारिका, बँकेचे कर्मचारी, दुकानांतले विक्रेते आणि संगणकावर परदेशी ग्राहकांची कामे करणारी मुले खाली उतरतात. एखाद्या देशाचा व्यवसाय बदलल्याची इतकी उघड खूण मला दुसरीकडे कुठे पाहायला मिळालेली नाही.

हा बदल किती मोठा आहे, हे थोड्या आकड्यांवरून ध्यानात येईल. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा निर्यातीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग साखरेचा होता. त्याआधी काही वर्षे, १९६१ मध्ये, जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखालील समितीने वाढती लोकसंख्या आणि एकाच पिकावर उभा असलेला देश यांचे फार काळजीचे चित्र मांडले होते. काळजी रास्त होती, कारण मुख्य बेटाचे क्षेत्रफळ अवघे १,८६५ चौरस किलोमीटर आहे, जमिनीखाली खनिज नाही, तेल नाही, आणि चक्रीवादळ आले की उभे पीक एका रात्रीत झोपते. निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणाऱ्या १९७० च्या निर्यात-प्रक्रिया क्षेत्राच्या कायद्याने कापड आणि विणलेले कपडे आले, त्यापाठोपाठ पर्यटन वाढले, १९९२ च्या कायद्याने परदेशी कंपन्यांसाठीचा वित्तव्यवसाय उभा राहिला. पुढे २००५ मध्ये, कोणत्या देशाने किती कापड निर्यात करायचे हे ठरवणारी जागतिक कोट्यांची व्यवस्था संपली आणि लगेच युरोपीय संघाने साखरेच्या हमीभावात ३६ टक्क्यांची टप्प्याटप्प्याने कपात केली. म्हणजे दोन जुने खांब जवळजवळ एकाच वेळी खिळखिळे झाले. त्या वेळी सेवाक्षेत्र उभे नसते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. आज देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा तीन-चार टक्क्यांवर आला आहे.

पोर्ट लुईच्या टोकाला गाडीतून उतरले की या साऱ्या कथेची पहिली पाने चालत पाहता येतात. आप्रवासी घाट तिथेच आहे. १८३४ पासून पुढच्या दशकांत साडेचार लाखांहून अधिक करारबद्ध मजूर ज्या आवारातून या बेटावर आले आणि मळ्यांकडे पाठवले गेले, ते आवार २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. त्या मजुरांत कोकणातली आणि देशावरचीही माणसे होती. घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहिले की पाठीशी बंदर असते आणि समोर बँकांच्या इमारती. १८३८ मध्ये स्थापन झालेली मॉरिशस कमर्शियल बँक, मध्यवर्ती बँकेचा उंच मनोरा, शेअर बाजार, सारे काही मिनिटांच्या अंतरावर. मी तिथे बराच वेळ बसलो होतो. माणसांना मजूर म्हणून मोजून घेणारी जागा आणि माणसांच्या कौशल्यावर पैसा कमावणारी जागा यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे, ही गोष्ट मनातून जात नाही.

एबेनची शाखा मला सर्वांत उपयुक्त वाटली. एकेकाळी इथे ऊस होता. या शतकाच्या आरंभी भारताच्या साहाय्याने ‘सायबर सिटी’ उभारली गेली आणि २००२ मध्ये ‘सेफ’ ही समुद्राखालची केबल बेटाला दक्षिण आफ्रिका, भारत आणि मलेशिया यांच्याशी जोडू लागल्यामुळे इथून परदेशी कंपन्यांची कामे करणे शक्य झाले. सकाळच्या वेळी रोझ हिलला गाडी बदलून एबेनकडे जाणाऱ्यांत वाक्वाची एक तरुणी माझ्या शेजारी असे. मराठी ती शाळेत शिकली होती. तिथल्या शाळांत मराठी हा विषय आजही शिकता येतो, आणि तिची मराठी जरा जपून उच्चारलेली, पण स्वच्छ होती. तिचे आजोबा उसाच्या मळ्यात होते, आईने पंधरा वर्षे कारखान्यात स्वेटर शिवले, आणि ती स्वतः गुंतवणूक निधींचे हिशेब ठेवणाऱ्या कचेरीत काम करते. पूर्वी तिला याच प्रवासाला बसने दीड तास लागे आणि त्यातला बराचसा वेळ महामार्गावर उभे राहण्यात जाई. आता घरापासून कचेरीच्या दारापर्यंत पन्नास मिनिटे लागतात, असे तिने सांगितले. वाचलेल्या वेळात ती हिशेबनिसाच्या व्यावसायिक परीक्षेचा अभ्यास करते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात सेवाक्षेत्राची उत्पादकता वाढते म्हणजे काय होते, हे वाचून जितके समजले नव्हते तितके मला तिच्या मांडीवरच्या वहीकडे पाहून समजले.

बाहेरून पाहणाऱ्याला मॉरिशसचे सेवाक्षेत्र म्हणजे हॉटेले, असे वाटते. प्रत्यक्षात निवास आणि खानपान यांचा थेट वाटा साधारण सात-आठ टक्के, तर बँका, विमा आणि इतर वित्तसेवांचा बारा-तेरा टक्के असतो. शिवाय व्यापार, वाहतूक, माहिती तंत्रज्ञान, शिक्षण, आरोग्य आहेतच. अर्थात पर्यटनाचा खरा हिशेब या सात-आठ टक्क्यांत मावत नाही. विमानसेवा, टॅक्सी, भाजीपाला, मासळी, कपडे धुण्याचा धंदा, नौका, हे सारे त्याच्या मागे चालते. २०१९ मध्ये सुमारे १३ लाख ८० हजार पर्यटक आले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येहून अधिक, आणि त्यांच्याकडून सुमारे ६३ अब्ज मॉरिशियन रुपये मिळाले. इंधन, बहुतेक धान्य आणि यंत्रे बाहेरून आणणाऱ्या बेटाला ती आणण्यासाठी परकीय चलन लागते. ते चलन पूर्वी साखर देत असे, आज मुख्यतः सेवा देतात. यातला काही भाग मात्र आल्या वाटेने परत जातो, कारण पाहुण्याच्या ताटातले मांस, लोणी आणि वाइन बहुधा जहाजातूनच आलेली असतात.

या व्यवस्थेचा कमकुवतपणाही स्पष्ट सांगायला हवा. सेवा विकणाऱ्या छोट्या देशाचे नशीब अनेकदा दुसऱ्याच्या राजधानीत ठरते. भारत आणि मॉरिशस यांच्यातल्या १९८० च्या दशकातील करकरारामुळे अनेक वर्षे भारतात येणाऱ्या थेट परदेशी गुंतवणुकीपैकी सुमारे एक तृतीयांश या बेटामार्गे नोंदवली गेली. मे २०१६ मध्ये करारात दुरुस्ती झाली, एप्रिल २०१७ पासूनच्या खरेदीवर भारताला भांडवली नफ्यावर कर आकारता येऊ लागला, आणि एबेनमधल्या कित्येक कचेऱ्यांना धंद्याची दिशा बदलावी लागली. भारतीय वाचक म्हणून मला ती दुरुस्ती योग्यच वाटते. करार चुकवेगिरीसाठी वापरला जात असेल तर तो बदलला पाहिजे. पण त्याच गाडीत बसून कामाला जाणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले तर आपल्या एका सहीचे वजन तिथे किती पडते, हेही दिसते. फेब्रुवारी २०२० मध्ये आर्थिक गुन्ह्यांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कृतिदलाने देशाला करड्या यादीत, म्हणजे नियंत्रणात त्रुटी असलेल्या व वाढीव देखरेखीखालच्या देशांच्या यादीत, टाकले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये बाहेर काढले. त्याच सुमारास महासाथ आली. जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेने मॉरिशसला उच्च उत्पन्नाच्या देशांत नेले आणि वर्षभरातच पुन्हा खालच्या गटात आणले. २०२० मध्ये पर्यटक तीन लाखांच्या आसपास उरले आणि अर्थव्यवस्था चौदा टक्क्यांहून अधिक आकसली. जुलै २०२० अखेरीस ‘वाकाशियो’ हे जहाज आग्नेय किनाऱ्यावर खडकात रुतले आणि पुढच्या महिन्यात त्याचे तेल खाऱ्या खाजणात पसरले. जिथे समुद्राचा स्वच्छ रंग हाच विक्रीचा माल, तिथे तेलाच्या एका तवंगाने किती घरांच्या चुली विझू शकतात, हे सांगायला नको.

आता मेट्रोच्या मर्यादेकडे येतो. नऊ दिवसांनंतर मी तीन रात्री पूर्व किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात राहिलो. त्या हॉटेलाचे नाव देत नाही. खोली उत्तम होती, पण पहिल्या रात्री जेवण पाऊण तास उशिरा आले, दुसऱ्या दिवशी खोली दुपारी तीनपर्यंत आवरलेली नव्हती, आणि विचारले तेव्हा स्वागतकक्षातील मुलाने खाली मान घालून सांगितले की, निम्मी माणसे कमी आहेत. हे त्याचे अपयश नव्हते. रात्री अकराला पाळी सुटते. त्या वेळी पूर्वेकडच्या गावांत जायला सार्वजनिक बस मिळत नाही, म्हणून कर्मचारी हॉटेलाच्या गाडीवर अवलंबून, आणि ती गाडी साऱ्यांना घरी सोडत सोडत शेवटच्या माणसाला मध्यरात्रीनंतर पोहोचवते. सकाळी सातला त्याने पुन्हा हसतमुखाने उभे राहायचे. तरुण मुले जहाजांवर किंवा परदेशी निघून जातात आणि त्यांच्या जागी बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर, भारत इथून माणसे आणावी लागतात, त्यामागे पगाराइतकाच हा प्रवासही आहे, असे मला त्या तीन दिवसांत अनेकांनी सांगितले.

मेट्रो या माणसांसाठी नाही, ही तिची सर्वांत मोठी उणीव आहे. ती कचेऱ्यांच्या सेवाक्षेत्राला जोडते. हॉटेलांच्या सेवाक्षेत्राला जोडत नाही. उत्तरेचे ग्रां बे, पूर्वेचे बेल मार, नैर्ऋत्येचे ल मॉर्न आणि आग्नेयेचा विमानतळ यांपैकी कुठेही तिचे रूळ जात नाहीत. रूळ सगळीकडे नेणे परवडणार नाही, हे मला मान्य आहे. भारताने २०१६ मध्ये दिलेल्या ३५.३ कोटी डॉलरच्या अनुदानातील २७.५ कोटी डॉलर या मार्गासाठी होते, आणि पुढे कर्जेही घ्यावी लागली. साडेबारा लाख लोकवस्तीच्या देशाने त्याहून मोठे ओझे उचलू नये. पण रूळ जिथे संपतात तिथून रात्री बारापर्यंत चालणारी बस ही काही अप्राप्य गोष्ट नाही. क्यूरपीप आणि पोर्ट लुईहून किनाऱ्यांकडे, हॉटेलांच्या पाळ्यांच्या वेळा पाहून आखलेल्या बसफेऱ्या सुरू केल्या आणि त्यांच्या खर्चाचा एक हिस्सा हॉटेलांनी उचलला, तर आज प्रत्येक हॉटेल स्वतंत्रपणे गाड्यांवर जो खर्च करते तोही कमी होईल.

खर्चाविषयी आणखी एक मत नोंदवतो, कारण तिथे अनेक सुशिक्षित माणसे मला म्हणाली की, मेट्रो तोट्यात जाईल, मग बांधली कशाला. तिकिटांतून उभारणीचा खर्च भरून निघावा ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. १८६४ च्या रेल्वेचा खरा नफा गिरण्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वह्यांत जमा होत होता. या गाडीचा नफाही एबेनच्या कचेऱ्यांत, वेळेवर उघडणाऱ्या दवाखान्यांत, रेदुईच्या विद्यापीठात वेळेवर भरणाऱ्या वर्गांत आणि महामार्गावर न जळलेल्या आयात इंधनात जमा होतो. तो मोजून लोकांसमोर ठेवला पाहिजे. नाहीतर पुढच्या एखाद्या अडचणीच्या अंदाजपत्रकात, १९५६ प्रमाणे, ‘परवडत नाही’ या दोन शब्दांत हा विषय मिटवला जाईल, अशी मला मनापासून भीती वाटते.

जाणाऱ्यांसाठी काही उपयोगी गोष्टी. संपूर्ण मार्गाला पाऊण तास धरावा. पोर्ट लुई उकाड्याचे आणि क्यूरपीप सुमारे ५५० मीटर उंचीवरचे पावसाळी शहर, म्हणून खाली ऊन असले तरी पिशवीत छत्री असू द्यावी. डिसेंबर ते मार्च या महिन्यांत चक्रीवादळाचे इशारे रोज पाहावेत. तिसऱ्या श्रेणीचा इशारा लागला की बेट घरी बसते. सकाळी साडेसात ते नऊ या वेळेत सामान घेऊन चढू नये, कारण त्या गर्दीत आपण सहलीला आलेलो असतो आणि बाकी सारे कामावर निघालेले असतात. ग्रँड रिव्हर नॉर्थ वेस्टच्या दरीवरील पूल येतो तेव्हा खिडकीजवळ असावे. आणि एक दिवस तरी किनारा सोडून दुपारी चारच्या सुमारास एबेनला जाऊन तिथून गाडी पकडावी. कचेऱ्या सुटतात, रोझ हिलच्या फलाटावर क्रिओल, फ्रेंच, भोजपुरी आणि क्वचित मराठीही कानावर पडते, आणि पठाराकडे चढणाऱ्या गाडीत दिवसभर उभे राहिलेल्या माणसांना बसायला जागा मिळते.